एकशे त्रेपन्न दिवसांचं तणीस

त्या वर्षी आमच्या कोठ्यात नऊ जनावरं होती. कामाची बैलजोडी, एक म्हातारा बैल, एक म्हैस, तीन गाई आणि दोन कालवडी. घरात माणसं तीन: मी, माझी बायको आणि माझे वडील. शेत आठ एकर, सगळं धानाचं. मला आकडे लिहून ठेवायची सवय आहे. त्यावरून गावात मला तलाठी म्हणतात. प्रत्यक्षात मी आयुष्यात एक दिवसही नोकरी केलेली नाही. इथं लिहितो आहे ते थोडं आठवणीतून आणि थोडं त्या वर्षीच्या वहीतून.

आमच्या भागातली जनावरं उन्हाळ्यात तणसावर जगतात. मळणीनंतर धानाचा जो पेंढा उरतो तेच तणीस. ते खळ्यात रचून ठेवायचं आणि माघापासून आषाढात नवं गवत हाती येईपर्यंत रोज थोडं काढून घालायचं. दिवसा जनावरं गावच्या ढोरक्याबरोबर चरायला जातात, पण वैशाख-ज्येष्ठात रानात धूळ आणि वाळलेला पाला याशिवाय काही नसतं. फिरून येतात, एवढंच. संध्याकाळी घरी पुढ्यात जे पडेल त्यावर रात्र काढायची.

त्या हंगामात कापणीला माणसं मिळेनात म्हणून मी आठपैकी तीन एकर हार्वेस्टरनं कापून घेतले होते. हार्वेस्टरच्या मागं तणसाचे वीतभर तुकडे बांधीभर, म्हणजे धानाच्या वाफ्यात सगळीकडं, पसरतात आणि चाकाखाली तुडवले जातात. ते गोळा करून कोणी घरी आणत नाही. म्हणून मी आधीच हिशोब मांडला होता. हातानं कापलेल्या पाच एकरांचं तणीस निघालं वीस बंड्या. आमच्या बैलबंडीत तेवीस भारे बसतात. एक भारा धानाच्या काट्यावर तोलून पाहिला, बारा किलो भरला. एकूण भारे चारशे साठ. नऊ जनावरांना रोज तीन भारे, म्हणजे एकशे त्रेपन्न दिवस. आठ फेब्रुवारीला सुरुवात केली तर दहा जुलैपर्यंत पुरतं, आणि तोवर आमच्या धुऱ्यांवर, शेताच्या बांधांवर, गवत आलेलं असतं. हे सगळं मी वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की रचणार कोण.

इतकी वर्षं तेच रचत. त्यांची पद्धत ठरलेली होती. तणीस दोन दिवस खळ्यात पसरून त्याला ऊन द्यायचं, खाली लाकडांचा माचा घालायचा, मग कडेकडेनं रचत आणि मध्ये तुडवत वर चढायचं, आणि माथा असा उतरता करायचा की पाणी बाजूनं ओघळून जावं. त्यांना या कामाला पाच दिवस लागत. त्या वर्षी ते अठ्ठ्याहत्तरचे होते आणि गुडघ्यांमुळं शिडी चढू शकत नव्हते. मी दोन माणसं घेऊन दीड दिवसात ढीग उभा केला. ऊन दिलं नाही, कारण खळं दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या मळणीला द्यायचं होतं. वडील खाटेवर बसून सांगत होते. मी अर्धं ऐकत होतो.

डिसेंबरात दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. मी धावत जाऊन ढिगावर ताडपत्री ओढली आणि चारी बाजूंनी दोरांनी आवळून बांधली. तोवर माथा भिजला होता. पाऊस थांबल्यावर वडील म्हणाले की ताडपत्री काढ, सारं तणीस उलटून वाळव आणि पुन्हा रच. मी म्हटलं, या कामाला सहा माणसं दोन दिवस लागतील आणि आत्ता एकही माणूस मोकळा नाही. पण मी नुसतं बोलून थांबलो नाही. ढिगात चार ठिकाणी खांद्यापर्यंत हात घालून पाहिला. चारही ठिकाणी तणीस कोरडं लागलं. तसं मी वहीत लिहिलं.

वडिलांनी त्या संध्याकाळी लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, ढिगाच्या पोटात पार आतवर खुपसून ठेवली. सकाळी मला बोलावलं, ती बाहेर ओढली आणि टोक माझ्यापुढं धरलं.

"हात लावून पाय."

सब्बल कोमट होती. खरं सांगायचं तर कोमटपेक्षा जास्त होती. मी म्हटलं, उन्हानं तापली असेल.

"आतमंधी ऊन पडते का रे?" ते म्हणाले. त्यांनी सब्बल धोतराला पुसली. "बरं. तुह्या चार जागा अन् माही एक जागा. तू म्हनशीन तसं."

ढिगाच्या त्या बाजूला सकाळी दहापर्यंत ऊन येत नाही. हे, आणि ओलं तणीस आत कुजताना तापतं हेही, मला त्या वेळी माहीत होतं.

फेब्रुवारीच्या आठ तारखेला ठरल्याप्रमाणे तणीस काढायला सुरुवात केली. पहिले दोन महिने सगळं वहीप्रमाणे चाललं. पहाटे बायको शेण काढायची, मी विहिरीवरून टाकं भरायचो, वडील जनावरं सोडून आखरावर न्यायचे. आखर म्हणजे गावाबाहेरची ती जागा, जिथं सगळ्या गावची जनावरं सकाळी जमतात आणि ढोरकी तिथून त्यांना हाकत नेतो. वडील म्हाताऱ्या बैलाला हातात दोर धरून न्यायचे, बाकीची त्याच्या मागं चालायची. हा बैल सोळा वर्षांचा होता. त्याला कामातून काढून चार वर्षं झाली होती. संध्याकाळी मी तीन भारे मोजून टाकायचो, न कमी न जास्त. एकदा जनावरं घरी पोचवायला आलेला ढोरकी ते बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काऊन जी तलाठीभाऊ, तुमच्या ढोरायले भूकबी मोजूनच लागते का?" बायको हसली. मीही हसलो. मोजल्यामुळंच आपलं निभतं आहे असं मला वाटत होतं.

एप्रिल संपता संपता माझा हात ढिगाच्या मध्याला पोचला. तणसाचा रंग काळपट यायला लागला. झटकलं की धूळ उडायची. जनावरं तोंड लावून बाजूला व्हायची आणि रात्री केव्हातरी भुकेनं खायची. मी समजलो की जुनं झालं म्हणजे असंच होतं. काळा असला तरी भारा बारा किलोचा होता. तो मी मोजणीत धरला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात म्हशीचं दूध सहा लिटरवरून तीनवर आलं. मला वाटलं, उष्म्यानं. एका सकाळी धार काढताना बायकोनं मला हाक मारली. "अवो, हिच्या शेपटीले हात लावून पाहा बरं. थंडी लागून राहिली. या उन्हात."

शेपटीचं टोक थंड होतं आणि वाळक्या फांदीसारखं कडक. केस हातात आले. कानांच्या कडा काळ्या पडून फाटल्या होत्या आणि मागच्या एका खुराजवळची कातडी सुटायला लागली होती. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी शेपटी क्षणभर पाहिली आणि चारा दाखवायला सांगितलं. ढिगातून मूठभर तणीस ओढून नाकाजवळ नेलं आणि फेकून दिलं. म्हणाले, ही बुरशी आहे, धानाच्या पेंढ्यावरची ही बुरशी म्हशीला सगळ्यांत आधी बाधते, यातली एक काडी आजपासून कोणत्याच जनावराला घालू नका. शेपूट वाचणार नाही, म्हैस वाचेल कदाचित.

दुसऱ्या दिवशी, अठरा मेला, आम्ही सगळा ढीग उपसला. मी, बायको आणि दोन मजूर. वडील कडुनिंबाखाली खाटेवर बसून होते. वहीप्रमाणे शिल्लक एकशे त्रेसष्ट भारे असायला हवे होते. मध्यभागी तणसाच्या काळ्या थप्प्या निघाल्या, शेणाच्या गोवऱ्यांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या फावड्यानं तोडून काढाव्या लागल्या. पाऊस माथ्यातून आत गेला होता आणि वरून मी ताडपत्री आवळल्यामुळं त्याला बाहेर पडायला वाट राहिली नव्हती. कडेचं तणीस तेवढं खांदाभर आतपर्यंत कोरडं होतं. डिसेंबरात माझा हात तिथपर्यंतच पोचला होता.

संध्याकाळपर्यंत निवडून झालं. खाण्याजोगे भारे निघाले बावन्न. एकशे अकरा भारे खताच्या खड्ड्यात गेले. मी दिवसभर वडील काय बोलतात याची वाट पाहत होतो. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सूनबाईला मजुरांसाठी चहा ठेवायला सांगितलं.

बावन्न भारे आणि दहा जुलैपर्यंत चोपन्न दिवस. रोज एक भारा धरला तरी शेवटचे दोन दिवस कोरडे. एका भाऱ्यात तीन जनावरं जगतात, नऊ नाही.

मी तणीस शोधायला निघालो. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत त्या वर्षी बहुतेकांनी हार्वेस्टरच लावला होता. बांधीतले तुकडे त्यांनी पेटवून दिले होते, काळे डाग अजून दिसत होते. ज्यांच्याकडं होतं त्यांना ते पुरत नव्हतं. लाखोळीचं कुटार, म्हणजे त्या डाळीचा भुसा, विचारलं, तेही एप्रिलातच संपलेलं. कोहमाऱ्याला ढाब्यासमोर तणसाचे गठ्ठे भरलेले दोन ट्रक उभे दिसले. मी ड्रायव्हरला विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला, "भैया, ये पूरा माल बाहर जा रहा है. एक गठ्ठा भी गिरा तो मेरे को जवाब देना पडता है." तरीही मी तिथं ट्रकच्या सावलीत बराच वेळ उभा होतो. किती भारे असतील ते मनात मोजत होतो.

अर्जुनी मोरगावच्या बाजूला माझा मेहुणा राहतो. त्याच्याकडं कालव्याचं पाणी येतं, म्हणून तो उन्हाळी धान घेतो. मी बसनं त्याच्याकडं गेलो. त्याचं धान नुकतंच कापून झालं होतं, हार्वेस्टरनंच. तणीस त्याच्याकडंही नव्हतं, पण कालव्याच्या काठानं हिरवं गवत होतं. तो म्हणाला की गाई-कालवडी माझ्याकडं आणून सोडा, मी पोसतो, वासरं होतील ती निम्मी तुमची आणि निम्मी माझी. आमच्याकडं जनावर पोसायला द्यायची हीच रीत आहे. "पण म्हैस नोको, भाऊजी. अन् तो बुढा बैल त नोकोच. रस्त्यातच बसन तो." एका गोशाळेत मी म्हाताऱ्या बैलाबद्दल विचारून पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. पावसाळा लागेपर्यंतचा चारा सोबत आणा, म्हणाले.

घरी येऊन मी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलो आणि वडिलांना यादी वाचून दाखवली. तीन गाई आणि दोन कालवडी मेहुण्याकडं. बैलजोडी रोवणीला, धानाच्या लावणीला, लागते आणि म्हैस कोणी घेत नाही, म्हणून ही तीन घरी, रोजच्या एका भाऱ्यावर. वडिलांनी बोटं मोजली. आठ.

"अन् त्याचं?"

मी म्हटलं, त्याचं या हिशोबात बसत नाही.

ते कोठ्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "तुह्या हिशोबात मी बसतो का रे?"

बायको आतून बाहेर येत होती ती दारातच थांबली. मी वही मिटली. वडिलांचा आवाज चढलेला नव्हता. "तुह्या बावन भाऱ्यातली एक काडी नोको त्याले. मी पाला आनीन. नवा हिरवा चारा एकदा तोंडात पडू दे त्याच्या. मंग मेला त मेला."

गाई चोवीस तारखेला सकाळी टेम्पोत चढवल्या. एक गाय गाभण होती, ती फळीवर पाय ठेवायला तयार नव्हती. चौघांनी रेटली. वडील तिथं नव्हते. ते बैलाला घेऊन तलावाच्या पाळीकडं गेले होते. टेम्पो गेल्यावर बायकोनं पाच रिकाम्या खुंट्यांजवळचं शेण काढलं, झाडलं, आणि मला म्हणाली, "आता कोहमाऱ्याहून दुधाची पिशवी आणत जा." आमच्या घरात दुधाची पिशवी त्याआधी कधी आली नव्हती. म्हशीनं मे संपायच्या आत दूध तोडलं. तिची शेपूट अर्ध्यातून गळून पडली. ती मला कोठ्यात सापडली आणि मी ती खतात पुरली.

वडिलांचा दिवस आता असा जायचा. सकाळी सहाला ते बैलाला घेऊन निघायचे. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला विळा बांधलेला. त्यानं ते उंबराचा, पिंपळाचा, वडाचा पाला ओढायचे. खालच्या फांद्या आठवड्याभरात संपल्या, मग मान वर करून उंचावरच्या काढायला लागले. साडेदहाला परत. दुपारी पडायचे. उन्हं कलली की बैलाला पाण्यावर घेऊन पुन्हा बाहेर. मी म्हटलं, मी पाला काढतो. ते म्हणाले, तुला धुरे बांधायचे आहेत, खत टाकायचं आहे, तू तुझं कर. ते खरंही होतं. ज्येष्ठात शेतावर काम असतंच. मी बंडीनं खत टाकत होतो. त्यात ते एकशे अकरा भारेही होते.

दिवसभराचा पाला पाच किलोच्या वर जात नव्हता. बैलाच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या. एका संध्याकाळी वडील हातपाय धूत असताना मी अर्धा भारा सोडून त्याच्यापुढं टाकला. वडील आले, त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि म्हशीपुढं नेऊन ठेवला. माझ्याकडं पाहिलं नाही. मी पुन्हा टाकला नाही. टाकायला हवा होता. पुन्हा टाकला तर ते पुन्हा उचलतील, एवढ्या विचारानं मी थांबलो, आणि खरं म्हणजे त्या अर्ध्या भाऱ्यानं माझा एक दिवस कमी होत होता.

जूनच्या मध्याला गावच्या तलावात पाणी फक्त मधोमध उरलं होतं. भोवताली वरून वाळलेला आणि आतून मऊ गाळ. धडधाकट जनावरं तो ओलांडून पाण्यापर्यंत जायची. एका सकाळी ढोरकी शेतावर धावत आला. "तलाठीभाऊ, चाला लवकर. तुमच्या बाबाजीचा बैल गाऱ्यात फसला."

मी पोचलो तेव्हा बैल पोटापर्यंत चिखलात होता आणि वडील गुडघ्यापर्यंत. त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी वर धरलं होतं. आठ माणसं जमली. पोटाखालून दोर घातले, ओढले, दोर सुटले, पुन्हा घातले. शेवटी ट्रॅक्टर आणला. दुपारी बाराला बैल पाळीवर आला. त्याला चार पायांवर उभं करून धरलं, सोडल्याबरोबर तो बसला. ढोरक्यानं त्याच्या अंगावर बादलीनं पाणी ओतलं, चिखल हातानं पुसला. त्या दिवशी त्यानं एकही टोमणा मारला नाही. वडील तिथंच सावलीला बसले. संध्याकाळी मी भारा डोक्यावर घेऊन गेलो, पूर्ण भारा. त्यांनी तो उचलून दुसरीकडं ठेवला नाही. बैलानं तोंड लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. गवत यायला तेव्हा निदान तीन आठवडे होते.

मी नंतर मांडून पाहिलं. एका जनावराला दिवसाला चार किलो, चोपन्न दिवस, दोनशे सोळा किलो. अठरा भारे. त्याला पावसाळ्यापर्यंत न्यायला एवढेच लागले असते. हे मी वडिलांना वाचून दाखवलं नाही.

पाऊस आला, रोवणी झाली, धुऱ्यांवर गवत माजलं. आमची तीन जनावरं ते खाऊन संपवू शकत नव्हती. श्रावणात मेहुण्याचा फोन आला. गाभण गाय व्याली होती, कालवड झाली होती. सगळी जनावरं अंगानं भरली आहेत, कधी न्यायला येता, असं त्यानं विचारलं. बऱ्याच दिवसांनी घरात सांगण्यासारखं काही होतं. मी सपरीत जाऊन वडिलांना सांगितलं, म्हटलं, येत्या सोमवारी टेम्पो करतो.

"नोको आनू," ते म्हणाले.

मी विचारलं, का?

"तनीस कोन रचन?"

मी म्हटलं, मी रचतो, तुम्ही खाटेवर बसून सांगा, या वेळी तुम्ही म्हणाल तसंच रचतो, पाच दिवस लागले तर पाच दिवस. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"तू मोजशीन," ते म्हणाले. "रचनं येगळं हाये."

मी मेहुण्याला फोन करून सांगितलं की जनावरं तुझ्याकडंच राहू दे. त्यानं दोनदा विचारलं, नक्की का. बायकोनं गाईंच्या खुंट्या उपटून जागा सारवली आणि तिथं जळणाची लाकडं लावली.

तणीस रचायला कोणी नव्हतंच, म्हणून दिवाळीनंतर मी आठही एकर हार्वेस्टरनं कापून घेतले. मशीन सकाळी आठला बांधीत उतरली आणि दुपारच्या आत बाहेर पडली. वडील शेतावर आले नाहीत. तणीस बांधीत पडून होतं, चार दिवसांनी मीच त्याला काडी लावली. बैलजोडी आणि म्हैस उन्हाळ्यात काय खातील हे वडिलांनी मला विचारलं नाही. मीही मांडून पाहिलं नाही.